शेवटच्या दहा ब्लाइंडचा हिशेब : ऑनलाइन पोकर स्पर्धेतील 'ऑल-इन'चा निर्णय

पोकर या पत्त्यांच्या खेळाचे नाव गेल्या काही वर्षांत आपल्याकडील बातम्यांमध्ये वारंवार येत राहिले. संदर्भ बहुधा न्यायालयीन निकालांचा, वस्तू व सेवा कराचा किंवा २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याचा असे. हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा प्रश्न या साऱ्या चर्चेच्या मुळाशी होता. तो ज्या क्षणी सर्वाधिक तीव्रतेने उभा राहतो, तो क्षण मात्र हा खेळ न खेळणाऱ्या वाचकाच्या परिचयाचा नसतो. स्पर्धा संपत आलेली असते, खेळाडूजवळ थोड्याच चिप्स उरलेल्या असतात आणि हाती आलेले दोन पत्ते टाकून द्यावेत की जवळचे सर्व काही एकाच डावात लावावे, हे त्याला अवघ्या काही सेकंदांत ठरवायचे असते.

या कृतीला पोकरच्या परिभाषेत 'ऑल-इन' जाणे म्हणतात. मराठीत त्यासाठी 'सर्वस्व पणाला लावणे' हा शब्दप्रयोग चटकन सुचतो खरा, परंतु त्यासोबत महाभारतातील द्यूतसभाही डोळ्यांसमोर उभी राहते आणि अर्थाला भलतेच वळण लागते. धर्मराजाने विवेक सुटल्यावर जे केले, तेच येथे खेळाडू विवेक शाबूत ठेवून करीत असतो, निदान तशी अपेक्षा असते. त्यामुळे या लेखात 'ऑल-इन' हाच शब्द वापरला आहे.

स्पर्धांमध्ये प्रामुख्याने खेळल्या जाणाऱ्या 'टेक्सास होल्डेम' या प्रकारात प्रत्येक खेळाडूला दोन पत्ते झाकलेले मिळतात. त्यानंतर मेजावर टप्प्याटप्प्याने पाच पत्ते उघडे मांडले जातात आणि ते सर्वांचे सामाईक असतात. या सात पत्त्यांतून ज्याचे पाच सर्वोत्तम, त्याचा डाव. प्रत्येक टप्प्यावर बोली लावता येते, वाढवता येते किंवा डाव सोडता येतो. तीन पत्ती खेळणारे ज्याला 'पॅक' होणे म्हणतात, तेच हे डाव सोडणे. एका शब्दाबाबत मात्र सावध राहावे लागते. तीन पत्तीत 'ब्लाइंड' म्हणजे पत्ते न पाहता खेळणे. पोकरमध्ये 'ब्लाइंड' ही पत्ते वाटण्यापूर्वीच भरावी लागणारी सक्तीची रक्कम असते. दर डावाला एक खेळाडू लहान ब्लाइंड भरतो, त्याच्या डावीकडचा मोठा ब्लाइंड भरतो, आणि ही पाळी मेजाभोवती फिरत राहते.

स्पर्धेत सर्वांना प्रारंभी सारख्या चिप्स मिळतात आणि त्या संपल्या की खेळाडू बाद होतो. साधारणतः दहा ते पंधरा टक्के खेळाडूंनाच बक्षीस मिळते. ठरावीक वेळेने ब्लाइंड वाढत जात असल्याने कोणालाही हात बांधून बसून राहता येत नाही. अमेरिकेतील लास वेगास येथे होणाऱ्या 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'च्या मुख्य स्पर्धेत एकेक टप्पा दोन तासांचा असतो. ऑनलाइन 'टर्बो' स्पर्धांत तो पाच मिनिटांचा किंवा त्याहूनही कमी असतो. परिणामी समोरासमोरच्या खेळात जी अवस्था क्वचित येते, ती ऑनलाइन खेळाडूवर एका संध्याकाळीच अनेकदा येते. जवळ थोड्या चिप्स शिल्लक आणि ब्लाइंड गळ्याशी आलेले, ही ती अवस्था होय.

ही अवस्था नेमकी केव्हा आली म्हणायचे, हे मोजण्याचे एक साधन पॉल मॅग्रिएल या गणितज्ञ व बॅकगॅमनपटूच्या नावावरून 'एम' या अक्षराने ओळखले जाते. १९९५ चे विश्वविजेते डॅन हॅरिंग्टन यांनी २००५ मध्ये आपल्या पुस्तकातून ते लोकप्रिय केले. मेजावरची एक पूर्ण फेरी काहीही न खेळता काढायला किती चिप्स लागतील, याने जवळच्या चिप्सना भागायचे. समजा, मेजावर नऊ खेळाडू आहेत, ब्लाइंड ५०० आणि १,००० आहेत आणि प्रत्येकाला दर डावाला आणखी १०० चिप्स 'अँटी' म्हणून भराव्या लागतात. एका फेरीचा खर्च २,४०० होतो. ज्याच्याजवळ ९,६०० चिप्स आहेत, त्याचा 'एम' ४. याचा अर्थ, नुसते बसून राहिल्यास चार फेऱ्यांत सारे संपणार. हॅरिंग्टन यांनी याला रंगांची नावे दिली. 'एम' २० च्या वर असेपर्यंत हिरवा पट्टा, पुढे पिवळा, नारिंगी, आणि पाचाच्या आसपास व त्याखाली लाल.

लाल पट्ट्यात गेलेल्या खेळाडूला लहान बोली लावून सामाईक पत्ते पाहत बसणे परवडत नाही. लहान बोलीतच त्याच्या चिप्सचा एवढा मोठा हिस्सा जातो की नंतर माघार घेण्यात अर्थ उरत नाही. म्हणून त्याच्यापुढे व्यवहारात दोनच मार्ग राहतात : डाव सोडणे किंवा सुरुवातीलाच ऑल-इन जाणे.

येथे हा खेळ बाहेरून पाहणाऱ्याला हमखास चकवणारी एक गोष्ट आहे. ऑल-इन जाणारा आणि त्याला 'कॉल' करणारा, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावून आव्हान स्वीकारणारा, हे दोघेही सारखाच धोका पत्करतात असे वाटते. वस्तुतः तसे नाही. प्रथम ऑल-इन जाणाऱ्याला जिंकण्याच्या दोन वाटा असतात. समोरच्यांनी डाव सोडला तर पत्ते न दाखवताच ब्लाइंड त्याच्या पदरात पडतात, आणि कोणी कॉल केलाच तर पत्त्यांच्या बळावर जिंकण्याची संधी उरतेच. कॉल करणाऱ्याजवळ मात्र दुसरी वाट तेवढी असते. म्हणूनच ज्या पत्त्यांवर ऑल-इन जाणे पूर्णतः योग्य ठरते, त्याच पत्त्यांवर दुसऱ्याचे ऑल-इन स्वीकारणे ही घोडचूक ठरू शकते. दोनच खेळाडू उरले असतील आणि प्रत्येकाजवळ दहा मोठे ब्लाइंड असतील, तर गणिताने काढलेल्या समतोलानुसार लहान ब्लाइंडवाल्याने निम्म्याहून अधिक वेळा ऑल-इन जावे आणि समोरच्याने सुमारे एक-तृतीयांश वेळाच ते स्वीकारावे, असे उत्तर येते.

या पहिल्या वाटेचे मूल्य चिप्स कमी होतात तसे घटते आणि एका मर्यादेनंतर संपते. दहा ब्लाइंड असलेला लहान ब्लाइंडवाला ऑल-इन गेला, तर मोठ्या ब्लाइंडवाल्याला आणखी नऊ ब्लाइंड घालून वीस ब्लाइंडच्या डावासाठी झुंजावे लागते. म्हणजे केवळ चिप्सचा विचार केला तरी त्याला ४५ टक्के विजयाची शक्यता हवी. हाच खेळाडू चांगल्या पत्त्यांची वाट पाहत दोन ब्लाइंडवर येऊन पोहोचला आणि मग ऑल-इन गेला, तर समोरच्याला केवळ एक ब्लाइंड घालून चार ब्लाइंडचा डाव जिंकता येतो. त्याला २५ टक्के पुरतात. दुर्री आणि तिर्री या सर्वांत दुबळ्या पत्त्यांनाही अज्ञात पत्त्यांविरुद्ध सुमारे ३२ टक्के शक्यता असते. साहजिकच अशा वेळी कोणीही डाव सोडत नाही. नवखे खेळाडू सर्वाधिक चुकतात ते येथे, असे या विषयावरील लेखन वाचताना जाणवते. एक्क्यांच्या जोडीची प्रतीक्षा करणे संयमाचे वाटते, पण ती जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. लाल पट्ट्यातील खेळाडूच्या हाती तितके डाव नसतात.

आतापर्यंतचा हिशेब चिप्सचा झाला. स्पर्धेत मात्र चिप्सचे थेट पैसे होत नाहीत. बक्षीस मिळते ते क्रमांकाला, आणि स्पर्धेच्या अखेरीचे सारे अवघडपण यातूनच निर्माण होते.

दहा जणांच्या एका मेजाची जुनी आणि सर्वपरिचित रचना उदाहरणादाखल घेऊ. बक्षिसाची एकूण रक्कम १०० डॉलर आहे. पहिल्याला ५०, दुसऱ्याला ३० आणि तिसऱ्याला २० डॉलर मिळतात. चौथ्याला काहीही मिळत नाही. सहा जण बाद झाले असून चौघे उरले आहेत आणि प्रत्येकाजवळ ५,००० चिप्स आहेत. बक्षिसाच्या उंबरठ्यावरील या अवस्थेला खेळाडू 'बबल', म्हणजे बुडबुडा, म्हणतात. चौघांची स्थिती सारखीच असल्याने प्रत्येकाच्या जागेचे मूल्य २५ डॉलर धरता येते. आता दोघे एकमेकांविरुद्ध ऑल-इन गेले आणि एकाने दुसऱ्याला बाद केले. विजेत्याच्या चिप्स दुप्पट झाल्या. त्याच्या जागेचे मूल्य दुप्पट, म्हणजे ५० डॉलर झाले का? नाही, कारण ५० डॉलर हे पहिले बक्षीस आहे आणि ते त्याने अद्याप जिंकलेले नाही.

हे मूल्य काढण्याची जी पद्धत रूढ आहे, तिचे मूळ घोड्यांच्या शर्यतीत आहे. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड हारव्हिल यांनी १९७३ मध्ये शर्यतीतील पहिल्या क्रमांकाच्या शक्यतांवरून पुढील क्रमांकांच्या शक्यता काढण्याचे सूत्र मांडले. पोकरवर विपुल लेखन करणाऱ्या मेसन मॅलमथ यांनी १९८७ मध्ये तोच विचार पोकर स्पर्धेला लावला. 'इंडिपेंडंट चिप मॉडेल' किंवा संक्षेपाने 'आयसीएम' या नावाने तो आज ओळखला जातो. एकूण चिप्सपैकी ज्याचा जितका वाटा, तितकी त्याची पहिले येण्याची शक्यता. मग पहिला आलेला खेळाडू बाजूला काढायचा आणि उरलेल्यांत त्यांच्या चिप्सच्या प्रमाणात दुसरा क्रमांक वाटायचा. पुढेही असेच.

आपल्या विजेत्याजवळ आता २०,००० पैकी १०,००० चिप्स आहेत आणि उरलेल्या दोघांजवळ प्रत्येकी ५,०००. त्याची पहिले येण्याची शक्यता १/२, दुसरे येण्याची १/३ आणि तिसरे येण्याची १/६. त्याच्या जागेचे मूल्य २५ अधिक १० अधिक ३.३३, म्हणजे ३८.३३ डॉलर होते. चिप्स दुप्पट झाल्या, पण पैसे जवळजवळ दीडपटच झाले. हरलेल्याचे मात्र २५ चे शून्य झाले. उरलेले ११.६७ डॉलर गेले कोठे, हे पाहणे उद्बोधक आहे. पत्त्यांना हातही न लावता बाजूला बसलेल्या दोघांच्या वाट्याला ते आले आणि त्यांच्या जागेचे मूल्य २५ वरून प्रत्येकी ३०.८३ वर गेले. 'दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ' ही आपली म्हण येथे सेंटपर्यंत अचूक मोजता येते.

याच मेजावर प्रत्यक्ष निर्णय कसा होतो, ते पाहू. ब्लाइंड २५० आणि ५०० आहेत, म्हणजे प्रत्येकाजवळ दहा मोठे ब्लाइंड. पहिल्या दोघांनी डाव सोडला. लहान ब्लाइंडवाला ऑल-इन गेला. मोठा ब्लाइंडवाला विचारात पडला आहे. त्याने डाव सोडल्यास त्याच्याजवळ ४,५०० चिप्स राहतील आणि वरील पद्धतीने त्यांचे मूल्य २३.३४ डॉलर येते. कॉल करून जिंकल्यास ३८.३३, हरल्यास शून्य. २३.३४ ला ३८.३३ ने भागले की उत्तर मिळते ६०.९ टक्के. चिप्सच्या हिशेबाने ४५ टक्के पुरेसे होते. बक्षिसाच्या हिशेबाने जवळजवळ ६१ टक्के हवेत. समोरचा कोणत्याही पत्त्यांवर ऑल-इन जातो आहे, असे गृहीत धरले तरी ६१ टक्क्यांची अट फार थोडे पत्ते पूर्ण करतात. छक्क्यांची किंवा त्याहून मोठी जोडी, एक्का आणि दश्शी किंवा त्यावरचे पत्ते, एकाच चिन्हाचे एक्का-सत्ती व त्यावरचे पत्ते, राजा-राणी, आणि एकाच चिन्हाचे राजा-गुलाम किंवा राजा-दश्शी. दोन पत्त्यांच्या एकूण १,३२६ शक्य जुळण्यांपैकी या साधारण १५४ आहेत, म्हणजे शंभरांत बारा. छक्क्यांच्या जोडीला अज्ञात पत्त्यांविरुद्ध सुमारे ६३ टक्के शक्यता असते, पंज्यांच्या जोडीला ६० टक्के. सीमारेषा इतकी बारीक आहे.

आता हेच चित्र लहान ब्लाइंडवाल्याच्या बाजूने पाहावे. त्याने डाव सोडला तर त्याच्या जागेचे मूल्य २४.१८ डॉलर राहते. तो ऑल-इन गेला आणि समोरच्याने डाव सोडला तर ते २६.५७ होते. समोरचा गणित जाणून शंभरांत बारा वेळाच कॉल करणार असेल आणि त्या बारा वेळी आपल्याला जिंकण्याची शक्यता अवघी एक-चतुर्थांश असेल, तरीही ऑल-इन जाण्याचे सरासरी मूल्य २४.६ डॉलरच्या आसपास येते. सोडण्यापेक्षा ते अधिक आहे. म्हणजे दुर्री-सत्तीसारख्या टाकाऊ पत्त्यांवरही ऑल-इन जाणे फायद्याचे! प्रतिपक्षाला जितका अधिक समंजस मानावे, तितके आपले पत्ते गौण ठरतात.

या निष्कर्षात एक मोठा 'जर' दडलेला आहे. समोरचा खेळाडू हे गणित न जाणणारा, किंवा जाणूनही चिडलेला असेल आणि पाचांत एकदा कॉल करीत असेल, तर याच ऑल-इनचे मूल्य २३.२ डॉलरपर्यंत घसरते आणि डाव सोडणेच बरे होते. त्याने चुकीचा कॉल केला की तो स्वतःचे नुकसान करून घेतो हे खरे, पण त्यासोबत आपलेही करतो. बहुतेक खेळांत प्रतिस्पर्ध्याची चूक हा आपला लाभ असतो. येथे ती चूक तिसऱ्या-चौथ्याच्या खिशात जाऊन पडते. पुस्तकातील तक्ते पाठ करून आलेले खेळाडू हलक्या शुल्काच्या स्पर्धांत गोंधळतात, याचे एक कारण यातच आहे.

बक्षिसांमधील अंतर नाहीसे झाले की हा परिणाम टोकाला जातो. मोठ्या स्पर्धेचे प्रवेशपत्र हेच ज्यांचे बक्षीस असते, अशा 'सॅटेलाइट' स्पर्धांचे उदाहरण याबाबत दिले जाते. दहा प्रवेशपत्रे आहेत आणि अकरा खेळाडू उरले आहेत, असे समजा. पहिल्या आणि दहाव्या क्रमांकाला तंतोतंत सारखेच मिळणार आहे. एका खेळाडूजवळ पुढच्या ब्लाइंडलाही पुरणार नाहीत इतक्याच चिप्स आहेत आणि आपल्याजवळ भरपूर आहेत. अशा वेळी आपल्याहून अधिक चिप्स असलेला कोणी ऑल-इन गेला आणि आपल्या हाती एक्क्यांची जोडी आली, तर? एक्क्यांची जोडी अज्ञात पत्त्यांविरुद्ध सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते. परंतु काहीही न करता प्रवेशपत्र मिळण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या पुढे असेल, तर या खेळातील सर्वोत्तम दोन पत्तेही टाकून देणे हाच योग्य निर्णय होय. जिंकून मिळणाऱ्या जादा चिप्सना तेथे कवडीचे मोल नसते.

ऑनलाइन पोकरचा प्रसारही अशाच सॅटेलाइटमधून झाला. टेनेसी येथील ख्रिस मनीमेकर हे व्यवसायाने लेखापाल. त्यांनी पोकरस्टार्स या संकेतस्थळावर ८६ डॉलर भरून अशा स्पर्धेत प्रवेश घेतला, वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेचे स्थान मिळवले आणि २००३ मध्ये तेथे पहिले येऊन २५ लाख डॉलर जिंकले. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते, २००६ मध्ये ८,७७३. आडनावातच 'पैसे करणारा' असा अर्थ असलेल्या या गृहस्थांनी जाहिरातदारांचे काम सोपे केले, असेही म्हणावे लागेल.

त्याच सुमारास विद्यापीठांनीही या क्षणाकडे लक्ष वळवले. पोकरचा संपूर्ण खेळ संगणकाने सोडवणे तेव्हा आवाक्याबाहेर होते, पण 'सोडा किंवा ऑल-इन जा' एवढ्यापुरता मर्यादित केलेला खेळ सोडवता येण्याजोगा होता. डेन्मार्कमधील आरहूस विद्यापीठाचे पीटर ब्रो मिल्टरसेन आणि त्रोल्स सोरेनसेन यांनी २००७ मध्ये दोन खेळाडूंच्या अंतिम लढतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ब्लाइंड ३०० व ६०० आणि मेजावर एकूण ८,००० चिप्स, ही त्यांची आकडेवारी पार्टीपोकर या संकेतस्थळावरील स्पर्धांतून घेतलेली होती. केवळ सोडणे किंवा ऑल-इन जाणे एवढेच करणारा खेळाडू, सर्व प्रकारच्या बोली लावण्याची मुभा असलेल्या आदर्श खेळाडूच्या तुलनेत विजयाची शक्यता १.४ टक्के-बिंदूंपेक्षा अधिक गमावत नाही, असे त्यांनी सिद्ध केले. थोड्या चिप्सच्या टप्प्यावर चातुर्याच्या बारीकसारीक खेळींना किती कमी वाव असतो, हे या आकड्याइतके नेमकेपणाने क्वचितच सांगितले गेले असेल. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे सॅम गँझफ्रीड आणि टुओमास सँडहोम यांनी २००८ मध्ये हा अभ्यास तीन खेळाडूंपर्यंत नेला. हेच सँडहोम पुढे नोम ब्राऊन यांच्यासह 'लिब्राटस' या प्रणालीचे जनक झाले. या प्रणालीने २०१७ मध्ये पिट्सबर्ग येथे चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांच्या सामन्यात हरवले.

आयसीएम पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पुढच्याच डावाला मोठा ब्लाइंड कोणावर येणार आहे, हे तिला कळत नाही. सर्व खेळाडू सारखेच कुशल आहेत असे ती मानते. मोठा साठा जवळ असलेला खेळाडू बबलच्या काळात इतरांना दर डावाला धाकात ठेवू शकतो, त्या दबावाचे मूल्यही तिच्यात पकडले जात नाही. तरीही पर्यायी पद्धती किचकट असल्याने व्यवहारात तीच वापरली जाते. हा हिशेब चुटकीसरशी करणारी संगणकीय साधने उपलब्ध आहेत. खेळ चालू असताना त्यांची मदत घेण्यास प्रमुख संकेतस्थळांची मनाई असते, कारण पडद्यामागे बसलेला खेळाडू स्वतः विचार करतो आहे की यंत्राला विचारतो आहे, हे समोरच्याला दिसत नाही. सरावासाठी मात्र त्यांचा सर्रास उपयोग होतो. वर काढलेला ६०.९ टक्क्यांचा आकडा कोणीही मेजावर बसून काढत नाही. शेकडो वेळा आधी पाहिलेला असल्याने तो आठवतो.

एवढे सारे गणित अचूक साधले तरी हाती काय लागते? ज्याला ६० टक्के शक्यता आहे त्याने ऑल-इन जाणे योग्य, असे समजू. स्पर्धेच्या अखेरच्या टप्प्यात तग धरण्यासाठी असे चार प्रसंग लागोपाठ जिंकावे लागले, तर चारही जिंकण्याची शक्यता सुमारे १३ टक्के राहते. मोठी जोडी लहान जोडीविरुद्ध साधारण ८० टक्के वेळा जिंकते, आणि याहून चांगली स्थिती खेळाडूला क्वचितच लाभते. असे तीन प्रसंग आले तरी तिन्हींत टिकण्याची शक्यता ५१ टक्के, म्हणजे नाणेफेकीहून किंचित अधिक. योग्य निर्णय घेणारा खेळाडू एका स्पर्धेत, दहा स्पर्धांत, प्रसंगी शंभर स्पर्धांतही तोट्यात असू शकतो. त्यात प्रवेशशुल्कातून आयोजकांचा हिस्सा आधीच वजा झालेला असतो. सर्व खेळाडू तुल्यबळ असतील तर दीर्घकाळात या हिश्शामुळे प्रत्येक जण तोट्यातच जातो.

याची दुसरी बाजू अधिक चिंतेची आहे. चुकीचा निर्णय घेऊनही जिंकलेल्या खेळाडूला आपली चूक कळत नाही, आणि हरलेला प्रत्येक जण स्वतःला योग्य पण दुर्दैवी समजू शकतो. आपण कुशल आहोत की नाही, याचा पडताळा यायला जितक्या स्पर्धा लागतात, तितक्यांचे शुल्क भरण्याची ऐपत सामान्य कुटुंबातील खेळाडूची नसते. ऑनलाइन खेळात बाद झाल्यानंतर दुसरी स्पर्धा मिनिटभरात सुरू होते, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. घरातील पैसा जातो तो बहुधा या पुढच्या आणि त्याच्याही पुढच्या स्पर्धेत.

भारतीय न्यायालयांपुढे हा विषय याच दुहेरी स्वरूपात आला. यशासाठी बऱ्याच अंशी कौशल्य लागते अशा स्पर्धांना जुगार म्हणता येणार नाही, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या चमारबागवाला प्रकरणात मान्य केले. १९६८ मध्ये सत्यनारायण प्रकरणात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे सांगताना न्यायालयाने तीन पत्त्यांच्या खेळाशी त्याचा फरक दाखवला. पोकरबाबत मात्र एकवाक्यता झाली नाही. गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये पोकरला जुगार ठरवले. मद्रास उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तामिळनाडूचा कायदा वैध मानतानाच रमी आणि पोकर हे नशिबाचे खेळ असल्याचे राज्याला दाखवता आले नाही, असे म्हटले. नागालँडच्या कायद्याने पोकरचा समावेश कौशल्याच्या खेळांत केला होता.

प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही बाजूंना आपापल्या परीने आधार होता, कारण दोघे वेगवेगळी गोष्ट मोजत होते. छक्क्यांच्या जोडीवर कॉल करावा आणि पंज्यांच्या जोडीवर करू नये, हे ठरवणे निःसंशय कौशल्य आहे. त्यानंतर मेजावर उघडणारे पाच पत्ते निःसंशय नशीब आहेत. दीर्घकाळाचा विचार केला तर पहिले वरचढ ठरते. एका रात्रीपुरते पाहिले तर दुसरे.

संसदेने २०२५ मध्ये या वादाला वळसा घातला. ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या आणि २२ ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायद्यात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांची व्याख्याच अशी करण्यात आली की खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोन्हींचा, तो तिच्यात बसतो. असा खेळ उपलब्ध करून देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात असून केवळ खेळणाऱ्यास शिक्षा नाही. त्यानंतर काही दिवसांतच देशातील प्रमुख पोकर संकेतस्थळांनी पैशांचे खेळ थांबवले. कायद्याला निरनिराळ्या उच्च न्यायालयांत आव्हान देण्यात आले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रकरणे स्वतःकडे वर्ग करून घेतली. गोव्यात १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यातील नंतरच्या दुरुस्त्यांनुसार परवाने मिळालेल्या कॅसिनोंमध्ये समोरासमोर खेळला जाणारा पोकर हा वेगळा विषय असून तो या ऑनलाइन कायद्याच्या व्याख्येत येत नाही.

पैसे न लावता, केवळ मनोरंजनासाठी खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना या कायद्याने मज्जाव केलेला नाही. परंतु ज्या मेजावर चिप्स फुकट मिळतात, तेथे चौथा येणाऱ्याचे काही जात नाही आणि तिसरा येणाऱ्याला काही मिळत नाही. तेथे पंज्यांच्या जोडीवर, राणी-दश्शीवर, नुसत्या कुतूहलापोटीही कॉल होतो आणि चौघांपैकी तिघे एकाच डावात ऑल-इन गेलेले पाहायला मिळतात. ४५ आणि ६१ टक्क्यांमधले ते अंतर तेथे उरतच नाही.